कानातला कापूस

तुफैल बिन अम्र दौसी हा नावाजलेला अरब कवी. तो मक्केत आला तेव्हा कुरैशच्या सरदारांनी त्याला बजावले : मुहम्मदांचे बोलणे ऐकू नकोस, घरात फूट पडेल. त्याने खरोखरच कानात कापूस कोंबला! सीरतग्रंथांत ही हकीकत येते. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. मी कवी, बरेवाईट मला कळते, मग ऐकायला काय हरकत? त्याने ऐकले आणि इस्लाम स्वीकारला.

आता वलीद बिन मुगीरा पाहा. तोही काव्याचा जाणकार. ही वाणी ना कवीची ना ज्योतिष्याची, हे त्याने मान्य केले, तिच्या गोडीचे कौतुकही केले. तरी लोकांसमोर तिला जादू ठरवले. सरदारकी जपायची होती ना! कान दोघांचेही तयार होते. मग नुसत्या सौंदर्याने माणूस बदलतो, असे आपण कसे म्हणावे?

आणि ज्याला अरबी येत नाही त्याचे काय? रायपूरच्या मराठी घरातल्यांना ही अडचण लगेच कळेल. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी. एकीतला विनोद दुसरीत नेताना निम्मा सांडतो. कुरआनाचा नाद तर अनुवादात येतच नाही, अर्थ तेवढा येतो. 'गीताई'कार विनोबांना तेवढ्यावर समाधान नव्हते. ते अरबी शिकले, कुरआन मुळातून वाचले, उच्चार घोटले, आणि पुढे त्यातून 'कुरान-सार' निवडले. धर्म त्यांनी बदलला नाही. कापूस मात्र त्यांनी कधी घातलाच नव्हता.