उद्यापन नसलेली व्रतं

जूनमध्ये मी तीस दिवस रोज लिहिलं. किमान तीनशे शब्द, रात्री बाराच्या आत, आणि लिहिलेलं त्याच दिवशी चार लोकांसमोर ठेवायचं, एवढेच नियम. तिसावा दिवस पार पडला तेव्हा अभिनंदन करणाऱ्या जवळपास प्रत्येकाने एकच सल्ला दिला, ‘आता थांबू नकोस.’ मी एकतिसाव्या दिवशी ठरवून थांबलो. ते बरोबर होतं का, याचा विचार करताना एक जुना प्रश्न आडवा आला. स्वतःला दिलेला शब्द मोडला, तर नेमकं कुणाचं काय बिघडतं?

मित्राला शब्द दिला आणि पाळला नाही, तर मित्र दुखावतो. तो मोठ्या मनाने म्हणू शकतो, ‘जाऊ दे, सोडलं तुला.’ स्वतःला दिलेल्या शब्दात मात्र बांधणारा आणि बांधलेला एकच. हॉब्जने 1651 मध्ये ‘लेव्हायथन’मध्ये हे सरळ मांडलं आहे: जो फक्त स्वतःशी बांधलेला आहे तो बांधलेलाच नाही, कारण त्याला हवं तेव्हा तो स्वतःला मोकळं करू शकतो. तर्क बिनतोड आहे. तरीही रात्री अकरा चाळीसला, कोरी स्क्रीन समोर असताना, हा तर्क कुणाला झोपू देत नाही. एक दिवस चुकला तर काहीतरी मोडेल असं आतून वाटत राहतं.

काय मोडेल? खरं सांगायचं तर आकडा. सलग सतरा, सलग अठरा. माझ्या व्यवसायातल्या लोकांना हा आकडा चांगला ठाऊक आहे. गिटहबवर प्रत्येकाच्या प्रोफाइलवर सलग किती दिवस काम केलं ते दिसायचं; 2016 मध्ये त्यांनी तो आकडा काढून टाकला. डुओलिंगोने तो ठेवला, वर एखादा दिवस चुकला तरी आकडा वाचवणारा ‘स्ट्रीक फ्रीज’ही दिला. म्हणजे शब्द आपण स्वतःला द्यायचा आणि माफी ॲपकडून घ्यायची.

आकडा बिचारा निरुपद्रवी वाटतो, पण त्याला रोज घास लागतो, आणि घरात जे असेल ते तो मागतो. एकोणिसाव्या दिवशी आजीला दवाखान्यात ॲडमिट केलं. रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि मनात आलं, आजचा विषय मिळाला. सलाइन लावलेला तिचा हात, झोपेत ती पुटपुटत असलेली गावाकडची नावं, सगळं डोळ्यांसमोर होतं. लिहिलं असतं तर महिन्यातलं सगळ्यात चांगलं झालं असतं आणि सगळ्यात जास्त वाचलंही गेलं असतं. मी त्या रात्री फोनवर पावसाबद्दल तीनशे सपक शब्द लिहिले. आजी दोन दिवसांनी घरी आली. पण प्रश्न राहिला: रोजच्या नेमासाठी जवळच्या माणसाचं दुखणं वापरायचा हक्क मला कुणी दिला असता?

याचं उत्तर शोधताना मला नाशिकचंच एक उदाहरण आठवतं. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली ती नाशिकच्या तुरुंगात, 9 फेब्रुवारी 1933 रोजी. 13 फेब्रुवारीला पहाटे लेखन संपलं. पाच दिवस! गंमत अशी की पुस्तकाचा घाट रोजच्या नेमाचा आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी असं करत श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. सांगणं रोजचं, लिहिणं मात्र एका झपाट्यात. आणि ज्या आईबद्दल लिहिलं ती गेली होती 1917 मध्ये. पंधराहून जास्त वर्षं ते दुःख त्यांच्याजवळ होतं. ती गेली त्या आठवड्यात रोज तीनशे शब्द लिहायचे असते, तर काय हाती लागलं असतं?

यावरून कुणी म्हणेल, बघा, रोज लिहिण्यात काही अर्थ नाही. जे पिकायचं ते आपल्या वेळेने पिकतं. तेही खरं नाही. कारण याच साने गुरुजींनी त्याआधी अमळनेरला, प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना, ‘छात्रालय दैनिक’ नावाचं हस्तलिखित चालवलं होतं. दैनिक, म्हणजे रोजचं! पाच दिवसांत पुस्तक लिहिणाऱ्या हाताला ही सवय आधीच लागलेली होती. फरक एवढाच की त्या दैनिकाच्या दुसऱ्या टोकाला आकडा नव्हता, वसतिगृहातली मुलं होती. सकाळी ती वाचणार होती. हॉब्जचा तर्क तिथे लागू पडत नाही, कारण बांधणारा एकटा उरत नाही.

आपल्या व्रतांना ही गोष्ट फार आधी कळली होती असं वाटतं. मी काही धार्मिक नाही, पण श्रावणात आजी कहाण्या वाचायची त्या कानावर आहेत. आदित्यराणूबाईच्या कहाणीत राणीला व्रत केल्यावर कहाणी ऐकणारं उपाशी माणूस शोधावं लागतं. मोत्यांतली अर्धी त्याला द्यावी लागतात. ऐकणारा मिळाला नाही तर व्रत अडून राहतं. शिवाय घरात अडचण आली तर पूजा दुसरं कुणी करतं. नेम माणसाचा असला तरी सांभाळतं सगळं घर. आणि वसा टाकायचा नाही हे जितकं पक्कं, तितकंच त्याचं उद्यापनही पक्कं. ठरलेला काळ भरला की चार माणसांना जेवू घालायचं आणि मोकळं व्हायचं. ॲपमधल्या नेमाला उद्यापन नसतं. त्यामुळे तो संपत नाही, फक्त तुटतो. आणि शंभर दिवस केलेल्या माणसालाही शेवटी आपण हरलो असंच वाटतं.

रोज लिहिण्याने मला काय दिलं? पहिलं वाक्य सुचण्याची वाट बघायची सवय गेली. दिवसभरात ऐकलेले शब्द मी टिपू लागलो. हे कमी नाही. पण पुन्हा असा नेम धरला, तर आधी दोन गोष्टी विचारेन: हे कुणाला ऐकवायचं आहे आणि उद्यापन कधी? आजीच्या त्या रात्रीबद्दल कधी लिहिलंच, तर पहिल्यांदा तिला वाचून दाखवेन. तिने नको म्हटलं तर नको.

महिनाभरात तिघांनी वाचून काहीतरी उलट कळवलं होतं. जुलैच्या पहिल्या रविवारी मी त्यांना मिसळ खायला नेलं. त्यातला एक अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करतो आणि कंपनीच्या बसमध्ये वाचायचा. दुसरा पाव मोडत तो म्हणाला, ‘पंधराव्या दिवशीचं मला काही कळलं नाही बघ. नीट सांग.’ मग तासभर आम्ही तेच बोलत बसलो.