घंटी एकदाच वाजते

"उचलत नाही असं नाही, त्यानं मला ब्लॉक केलंय." चाकणच्या तळेगाव चौकात, चहाच्या टपरीवर शेजारी उभा असलेला एक तरुण आपल्या मित्राला सांगत होता. विषय ठेकेदाराचा. काम सुटले होते, शेवटचा पगार अडकला होता. ब्लॉक केल्याचे तुला कसे कळले, असे मित्राने विचारले तेव्हा तो म्हणाला, "माझ्या फोनवरून कधीही लाव, एक रिंग जाते आणि बिझी येतो. आता तुझ्यावरून लाव." मित्राने लावला. रिंग जात राहिली, पलीकडून "हॅलो" आला, आणि काय बोलावे ते न सुचून मित्राने फोन ठेवून दिला.

पगार अडकणे या पट्ट्यात नवे नाही आणि त्याची चीड येणेही नवे नाही. माझ्या मनात मात्र दुसरीच गोष्ट घोळत राहिली. आपल्याला नकार मिळाला आहे एवढे कळण्यासाठीसुद्धा त्या मुलाला दुसऱ्याचा फोन मागून प्रयोग करावा लागला.

कर्ज हवंय का, प्लॉट घेता का, असे विचारणाऱ्या फोनांबद्दल इथे लिहीत नाही. त्यांचा ताप वाचकाला ठाऊक आहे. 1909 वर नोंदणी करून तो रोखण्याची सोय आहे, 140 ने सुरू होणारे नंबर कुणाचे तेही आता लोक ओळखतात. मी म्हणतो तो ब्लॉक एका माणसाने दुसऱ्या, ओळखीच्या माणसाला केलेला.

तो चालतो कसा? फोन लावला की लावणाऱ्याचा नंबर घंटीच्या आधी पोचतो. नेटवर्ककडून हँडसेटला कॉल आल्याची जी खबर मिळते, तिच्यातच तो असतो. हँडसेट तो नंबर आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि यादीत सापडला तर घंटी न वाजवता कॉल तोडतो. लावणाऱ्याला कधी एखादी रिंग ऐकू येते, कधी थेट व्यस्त असल्याची घोषणा. ही यादी सहसा सिममध्ये नसते, मोबाईल कंपनीकडेही नसते, ती फोनमध्येच राहते. ॲपलने ही सोय 2013 मध्ये आयओएस 7 बरोबर दिली. अँड्रॉइडच्या गाभ्यात ती 2016 मध्ये, 7.0 आवृत्तीत आली. एसएमएस तर पाठवणाऱ्याला गेलेलाच दिसतो. घेणाऱ्याच्या फोनवर तो वेगळ्या कप्प्यात पडतो किंवा उमटतच नाही. व्हॉट्सॲपची यादी आणखी निराळी. तिथे एकच टिक राहते, पण रेंज नसली किंवा फोन बंद असला तरीही एकच टिक राहते. ही संदिग्धता मुद्दाम ठेवली आहे, ब्लॉक करणाऱ्याचा खासगीपणा जपण्यासाठी, असे व्हॉट्सॲपने आपल्या मदतपानावर उघड लिहिले आहे.

शिवाय ब्लॉक होतो तो नंबर, आणि नंबर माणसाला चिकटून राहत नाही. नांदेडहून, बुलढाण्याहून, बिहारमधून चाकणला आलेली मुले रूम बदलतात तसे सिम बदलतात. बंद पडलेला नंबर 90 दिवस राखून ठेवतात, मग तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. त्या दुसऱ्याला आधीच्याचे भांडणही वारशाने मिळते. ज्याला त्याने जन्मात पाहिले नाही, अशा कुणाच्या तरी फोनमध्ये तो पहिल्या दिवसापासून बंद असतो.

नकार देणे आणि नाहीसे होणे यांत मी नेहमीच फरक करत आलो आहे. नकार देणारा समोर उभा राहतो. ऐकणाऱ्याला वाईट वाटते, पण आपण कुठे आहोत ते कळते आणि तो पुढची वाट धरू शकतो. नाहीशा झालेल्या माणसाची वाट मात्र पाहत बसावे लागते.

चाकणबद्दल लिहिताना संग्रामदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. आज गावाच्या गर्दीत तटाचे अवशेष तेवढे उरले आहेत. 1660 च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने हा लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे तो पडला. खानाने फिरंगोजीला आपल्या चाकरीत बोलावले आणि त्याने ते नाकारले, असे सांगतात. मला त्या हकिगतीतले शौर्य जितके भावते, तितकाच तो नकारही भावतो. शत्रूलासुद्धा त्याने तोंडावर उत्तर दिले. दरवाजा बंद आहे याबद्दल त्या दोन महिन्यांत मुघल छावणीत कुणालाही शंका नव्हती.

एका कंपनीत मनुष्यबळ खाते सांभाळणाऱ्या माझ्या स्नेह्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "फोन माझा, वेळ माझा. कुणाशी बोलायचं नाही हे मी ठरवणार आणि का ते सांगायलाही मी बांधील नाही." त्याच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला मान्यच आहे. मी एवढेच म्हणत होतो की बंद कर, पण बंद केल्याचे फोनने पलीकडच्याला सांगावे. ‘या व्यक्तीला आपले फोन नको आहेत’ एवढी एक ओळ. तो म्हणाला, त्याने भांडणे वाढतील. मी म्हणालो, भांडण निदान दोन माणसांत होते. त्यावर त्याने उत्तर दिले नाही आणि मला जिंकल्यासारखे वाटले. कायदाही माझ्या बाजूने आहे असे मी धरून चाललो होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाच्या गुन्ह्याची जी व्याख्या आहे, तिच्यात स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क करणारा पुरुष येतो. म्हणजे नकार स्पष्ट असावा, अशीच अपेक्षा आहे ना?

खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथल्या खोल्यांतून चौघी-चौघी राहणाऱ्या, असेंब्ली लाईनवर काम करणाऱ्या मुलींपैकी एकीपुढे मी हा मुद्दा मांडला. ती शांतपणे म्हणाली, "काका, नाही म्हणून सांगितलं होतंच ना. सांगितलं की तो विचारतो, का? का सांगितलं की म्हणतो, चूक सुधारतो. ब्लॉक केल्याचं कळलं की दुसऱ्या नंबरवरून लावतो, आणि सुटीला गेटवर उभा राहतो. रेंज नसेल असं त्याला वाटत राहिलं, तर तेवढे दिवस मी नीट झोपते."

याला माझ्याकडे उत्तर नाही. तिने नकार देऊन झाला होता आणि तो ऐकला गेला नव्हता. मी मागत असलेली ती एक ओळ तिच्या फोनवरून गेली असती, तर पुढच्याच संध्याकाळी तो गेटवर आला असता. व्हॉट्सॲपने ठेवलेली ती संदिग्धता तिच्यासाठी भिंतीचे काम करते. ती काढून टाका असे मी यापुढे म्हणणार नाही.

मग ठेकेदाराचे काय? त्याच्याही फोनमध्ये तेच बटण आणि तीच भिंत आहे. इथे मला माझा आवडता फरकच पुन्हा मांडावा लागतो आहे. सांगून बंद केले की न सांगता, हा प्रश्न दुसरा. बंद करणारा समोरच्याचे काही देणे लागतो का, हा पहिला. ती मुलगी तिच्या मागे लागलेल्याचे काहीच देणे लागत नव्हती. ठेकेदार महिन्याची मजुरी देणे लागत होता. त्या मजुराला त्याने व्हॉट्सॲपवर ब्लॉक केले आणि शिफ्टच्या ग्रुपमध्ये तसेच राहू दिले, तर उद्याच्या हजेरीचे त्याचे मेसेज मजुराला दिसत राहतात. ब्लॉक ग्रुपला लागू होत नाही.

असा भेद दूरसंचार नियामकाने कधीच केला आहे. जाहिरातीचा मेसेज तुम्ही नोंदणी करून थांबवू शकता, पण खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज त्याच नोंदणीने थांबत नाही, कारण तिथे व्यवहाराचे नाते आहे. हाच न्याय उलट दिशेने लावायला हवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत मजुरी चुकती व्हायला हवी. ठेकेदाराने दिली नाही तर मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. जबाबदारी इतकी स्पष्ट असताना तिच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता एका माणसाच्या खिशातल्या फोनमधून का जावा? त्या जुन्या कायद्याच्या केंद्रीय नियमांत मजुरीचे दर, वाटपाची तारीख आणि निरीक्षकाचा पत्ता कामगारांना कळणाऱ्या भाषेत फलकावर लावायला सांगितले होते. आज त्या फलकाच्या जोडीला एक नंबर हवा. तो कंपनीचा असावा, ठेकेदाराचा नको. तो कामावर घेतानाच्या कागदावर छापलेला असावा, काम सुटल्यानंतरही लागावा आणि आलेल्या प्रत्येक फोनची तारखेसह नोंद व्हावी. माझ्या स्नेह्याला मी आता एवढेच विचारणार आहे, की हा नंबर त्याच्या खात्यात कोणाच्या टेबलावर वाजेल.