आभासातील उपशम आणि वेदनेचे सत्य

शरीरातील जखम भरून आल्यावरही, किंवा जखम कधी सापडलीच नसतानाही, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अथवा पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. या वेदनेवरील उपचारांत अलीकडे अशा एका साधनाची भर पडली आहे, ज्याचा विचार वैद्यकाच्या कक्षेत संपत नाही. डोळ्यांवर बांधलेल्या यंत्रातून संगणकाने रचलेले जग रुग्णाच्या चहूबाजूंनी उभे राहते, मान वळेल तसे तेही वळते, आणि थोड्याच वेळात मनाला आपण तिथेच आहोत असे वाटू लागते; याला आभासी वास्तव म्हणतात. या आभासात काही काळ राहिलेल्या माणसाची वेदना कमी होते, असे प्रयोगांतून दिसून आले आहे. त्यातून उभा राहणारा प्रश्न भारतीय तत्त्वचिंतनाच्या जुन्या ओळखीचा आहे: जे मुळात नाही, त्याच्या दर्शनाने मिळालेला उपशम खरा मानावा काय, आणि खरा असला तरी तो इष्ट मानावा काय?

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ ग्रंथांतला राहत नाही. दिवाळीच्या आगेमागे बोंडे फुटली की येथील शेतांत बायका कमरेला ओटी बांधून, पाठीत वाकून, ओळ धरून कापूस वेचतात. मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे मध्येच पाठ सरळ करणे म्हणजे पैशांत घट, आणि वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचत राहतात ती वेगळीच. कंबर धरली, मान आखडली, रात्री पायांत गोळे आले, तरी दुखणे अंगावर काढायचे आणि सकाळी पुन्हा रानात जायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अशा शरीराला आभासी जगाने काय द्यावे, हे ठरवताना केवळ यंत्राची कार्यक्षमता मोजून भागणार नाही.

या उपचाराचा आरंभ दीर्घकालीन वेदनेपासून झाला नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटर्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी ‘स्नोवर्ल्ड’ हे आभासी जग तयार केले. जखमेवरील पट्ट्या बदलताना होणाऱ्या असह्य आगीच्या वेळी रुग्ण बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे फेकतो. मनाचे अवधान मर्यादित असते. त्याचा मोठा वाटा बर्फाने घेतला की वेदनेच्या वाट्याला थोडेच उरते, हे यामागील तत्त्व आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मेंदूचित्रणाच्या प्रयोगात, आभासी जगात असताना मेंदूतील वेदनेशी निगडित पाच भागांची सक्रियता स्पष्टपणे घटलेली आढळली. म्हणजे प्रयोगातील माणूस केवळ भिडेखातर बरे वाटते असे सांगत नव्हता.

अद्वैत वेदान्ताने सत्तेचे, म्हणजे असण्याचे, तीन स्तर मानले आहेत. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक, व्यवहारातील दोरी व्यावहारिक आणि ब्रह्म हे पारमार्थिक. पहिल्या स्तरावरील वस्तू पुढच्या ज्ञानाने बाधित होते, म्हणजे ती तशी नव्हतीच असे कळते. बर्फाची दरी उघडच या पहिल्या स्तरावरची आहे. मात्र असत्यापासून सत्य परिणाम घडू शकतो का, या आक्षेपाला शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात दिलेले उत्तर येथे अतिशय मोलाचे आहे. आपल्याला विष दिले गेले या निव्वळ शंकेनेही माणूस मरतो, असा दाखला ते देतात. आणि पुढे असेही दाखवतात की, स्वप्नातील सर्पदंश किंवा स्नान जागे झाल्यावर खोटे ठरले, तरी त्यांचा जो अनुभव आला तो अनुभव आलाच नव्हता असे जागा झालेला माणूस म्हणत नाही. विषय बाधित होतो, प्रतीती होत नाही. हाच न्याय लावला तर यंत्र उतरवताच बर्फ नाहीसा होईल, पण त्या घटकेत वेदना शमली होती ही गोष्ट नाहीशी होणार नाही. तेव्हा आभासाने मिळालेला उपशम आभासच असला पाहिजे, हे अनुमान टिकत नाही.

तरीही एक आक्षेप उरतो आणि तो उथळ नाही. पट्टी बदलण्याचा त्रास अर्ध्या तासात संपतो. कंबरेचा ठणका संपत नाही. रोजच्या दुखण्याला रोजची दरी लागणार असेल, तर माणसाचे आयुष्य त्याच्या देहापासून पळण्यात जाईल. दीर्घकालीन वेदनेवरील उपचार या अडचणीतूनच निराळा झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी ‘ईझव्हीआरएक्स’ या आभासी वास्तवाच्या साधनाला मान्यता दिली. त्यात आठ आठवडे रोज २ ते १६ मिनिटांचे एक सत्र, अशी ५६ सत्रे असतात. यंत्राला जोडलेला एक भाग रुग्णाचा श्वास मायक्रोफोनपर्यंत नेतो आणि त्याच्या आधारे दीर्घ श्वसनाचा सराव होतो. वेदना मेंदूत कशी घडते हे समजावले जाते. भीतीने ताठरलेले अंग सैल सोडण्यास शिकवले जाते. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती तिच्यातील १७९ जणांपैकी हा उपचार घेणाऱ्या गटातील ६६ टक्क्यांनी वेदना ३० टक्क्यांहून अधिक घटल्याचे सांगितले, तर यंत्रातूनच पण साधी सपाट दृश्ये पाहणाऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते. मळमळ आणि यंत्राच्या ओझ्याचा त्रासही काहींना झाला. येथे आभास देहापासून दूर नेत नाही. तो देहाकडे कसे पाहावे याचा सराव करवून घेतो.

हा भेद बौद्ध परंपरेने फार पूर्वी नेमका टिपला आहे. संयुत्त निकायातील सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त येतो: शारीरिक वेदना हा पहिला बाण, आणि तिच्यामुळे होणारा शोक, चीड व तळमळ हा दुसरा. जाणता माणूसही पहिल्या बाणातून सुटत नाही, मात्र दुसरा तो स्वतःला लागू देत नाही. त्याच सुत्तात असेही सुचवले आहे की, अजाण माणसाला वेदनेतून सुटण्याचा सुखोपभोगाखेरीज दुसरा मार्ग ठाऊक नसतो. बर्फाची दरी या उपभोगाच्या जवळची आहे, श्वासाचा सराव दुसऱ्या बाणाच्या उपायाजवळचा.

परभणीच्या भूमीवर या प्रश्नाचे सर्वांत खोल उत्तर गोदाकाठच्या गंगाखेडच्या जनाबाईकडे सापडते. गंगाखेडात जन्मलेली ही मुलगी पंढरपुरी दामाशेटींच्या घरी दासी म्हणून वाढली आणि त्यांचे पुत्र नामदेव यांच्या सहवासात संतपदाला पोहोचली. परंपरा सांगते की, ती पहाटे दळायला बसली की विठ्ठल येऊन जात्याचा खुंटा धरी. तो तिच्याबरोबर शेण्या वेची, पाणी भरी. चिकित्सक वाचक याला कल्पनेची सृष्टी म्हणेल, आणि भाविक त्याहून खरे काही मानणार नाही. प्रस्तुत विचारासाठी हा वाद मिटवण्याची गरज नाही, कारण लक्षात घेण्याजोगी बाब दोघांनाही मान्य होईल अशी आहे: विठ्ठलाने जनीला जात्यावरून उचलून वैकुंठात नेले नाही, तो जात्यापाशी आला. दगड तितकाच जड राहिला, दाणे तितकेच राहिले, हात तेच राहिले; श्रमातील एकटेपणा मात्र गेला. महाराष्ट्रातील बायकांनी जात्यावर रचलेल्या ओव्यांमागेही हीच जाण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतेवँ यांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवीमुळे दळण हलके होते, पण दळणारी जात्यावरच असते. दीर्घकालीन वेदनेसाठी आभास रचायचा असेल, तर त्याने या रचनेकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील तितिक्षेचा, म्हणजे शीतोष्ण व सुखदुःख सोसण्याचा, उपदेश या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. तो स्वतःसाठी स्वीकारलेला असेल तर तप आहे. दुसऱ्याच्या पाठीवर लादला तर अन्याय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, बुद्धाने दुःख हा शब्द सामाजिक व आर्थिक कारणांनी येणाऱ्या दुःखासाठीही वापरला, असे आग्रहाने मांडले. वेचणीच्या बाईला आठ आठवडे श्वास शिकवून त्याच दराने, त्याच वाकलेल्या पाठीने पुन्हा त्याच ओळीत उभे केले, तर दुसरा बाण निघेल, पण पहिला मारणारा हात तसाच राहील. म्हणून उपचार नाकारावा असे मात्र म्हणता येत नाही. मजुरीचा दर बदलेपर्यंत तिने तळमळत राहावे, हे सांगण्याचा अधिकार कोणत्याही विचारवंताला नाही. दोन्ही देणी एकाच वेळी लागू आहेत.

वेदनेचे ज्ञान होते कशाने, हाही प्रश्न येथेच येतो. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना, ती केवळ शारीरिक इजेची नोंद नसून संवेदना आणि भावना यांचा अप्रिय अनुभव आहे हे कायम ठेवले, आणि आपल्याला वेदना होते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर व्हावा, अशी टीप जोडली. न्यायदर्शनात आप्ताचे वचन हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे. विषय साक्षात जाणणारा आणि तो जसा जाणला तसा सांगू इच्छिणारा तो आप्त. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले. स्वतःच्या कंबरेतील कळ साक्षात जाणणारा दुसरा कोणीही नसल्यामुळे, त्या विषयात वेचणी करणारी बाई हीच आप्त ठरते. चाचणीतील ते ६६ टक्केही अखेर रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यातूनच निघालेले आहेत. त्या आकड्यावर विसंबून यंत्राला मान्यता देणाऱ्याला, क्ष-किरणचित्रात काही दिसत नाही एवढ्या कारणावरून गंगाखेडच्या दवाखान्यातून एखादीला परत पाठवता येणार नाही.