एका बिऱ्हाडाची जागा

वाड्यात किती बिऱ्हाडे आहेत हे मोजावयाचे असेल तर दिवाळीत मोजावे, असे माझे वडील म्हणत. एरवी एकाची मोरी दुसऱ्याच्या स्वयंपाकघराला चिकटलेली, एकाची तुळस दुसऱ्याच्या दारात, पोरे तर कुठल्या ताटावर जेवली हे कुणाच्याच ध्यानात नसे. पण आकाशकंदील ज्याचा त्याचा. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात मी लहान असताना अकरा कंदील लागत. मूळ मालकाने तो वाडा एका कुटुंबासाठी बांधला होता. पुढे सोप्याला फळ्या ठोकून दोन खोल्या झाल्या, पागेची एक झाली, माडीचे तीन तुकडे पडले, आणि जिन्याखालच्या तिरकस जागेत एक ब्रह्मचारी मास्तर राहू लागले. सगळ्यांत मोठा कंदील त्यांचा असे. तो त्यांच्या खोलीत मावत नसल्यामुळे वर्षभर आमच्या माळ्यावर पडून असे.

हे सारे आठवावयास कारण झाला एक कंत्राटदार.

आज माझे दोन मजल्यांचे लहानसे घर आहे. वर आम्ही दोघे, खाली एक भाडेकरू. म्हणजे दोन कंदील. पावसाळ्याच्या तोंडी गच्ची गळू लागली म्हणून त्याला बोलावले. गच्ची त्याने पाच मिनिटे पाहिली आणि उरलेला तासभर तो घर पाहत राहिला. मोटारीवाचून पडलेले गॅरेज, मागची पडवी, आमचा वरचा लांबडा हॉल, सगळ्याला त्याने टेप लावली आणि म्हणाला, "काका, ह्यात चार रूम सहज निघतात." 'निघतात' हा शब्द मला फार आवडला. जणू त्या खोल्या जमिनीत पुरलेल्या होत्या आणि मी अडाणी माणूस इतकी वर्षे त्यांवर बसून होतो. प्लायवूडचे पार्टिशन, कोपऱ्यात संडास, वेगळा मीटर, खोलीत दोन-दोन कॉट. गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून स्पर्धापरीक्षेसाठी पुण्याला आलेली मुले पेठांतून कॉटवर राहतात, दिवस अभ्यासिकेत काढतात, रात्री फक्त पाठ टेकावयाला जागा मागतात. माझे घर पेठांपासून सायकलच्या अंतरावर आहे. परवानगीचे काय, असे विचारले तेव्हा तो नुसता हसला.

आकडे मी करून पाहिले. वृद्धापकाळी निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने असे आकडे करू नयेत. ते फार गोड लागतात. आमच्या मंडळींचेही म्हणणे तेच पडले, मात्र कारण निराळे. "एवढी जागा दोघांना कशाला? झाडता झाडता माझी कंबर मोडते. कुणा गरजूच्या उपयोगी पडेल." तेव्हा लोभ आणि परोपकार दोघेही एकाच दारातून हात धरून आत आले. ह्या दोघांची जोडी जमली की माणसाने जरा सावध व्हावे असा माझा अनुभव आहे.

माझ्यासमोरचा खरा पेच मात्र पुढेच होता. आमच्याच गल्लीत एका सद्गृहस्थांचा सबंध वरचा मजला कित्येक वर्षे कुलूपबंद आहे. मुलगा परदेशी, परत येईल तेव्हा लागेल म्हणून. त्यांना कुणी नावे ठेवीत नाही. उलट सत्यनारायणाला पहिल्या रांगेत बसवतात. पलीकडच्या कोपऱ्यावर एकाने तीन खोल्यांत बारा कॉट घातले आहेत. त्याला सारी गल्ली हावरट म्हणते. आता हिशेब पाहा. पहिल्याने एकाही माणसाला छप्पर दिले नाही. दुसऱ्याने बाराजणांना दिले, मग ते कसेही असो. त्या बाराजणांना कुणी दोरीने बांधून आणलेले नाही. त्याहून बरी जागा त्यांच्या पैशात मिळती तर ते तिकडे गेले असते. मग ज्याने काहीच केले नाही तो सज्जन, आणि ज्याने थोडे तरी केले तो गुन्हेगार, हा न्याय कुठला? राहणाऱ्याचे आणि ठेवणाऱ्याचे दोघांचेही भले होत असेल तर मधल्यामध्ये पाप येते कुठून?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मी तो चार मित्रांपुढे मांडला. तिघे चिडले आणि चौथा म्हणाला, "अरे, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. कुलूप लावणाराच शहाणा." ही म्हण भाडेकरूंवर इतक्या वेळा चालवली गेली आहे की ती आता कायद्याचे कलमच वाटते. आणि तिच्यामागे थोडा इतिहासही आहे. मुंबई राज्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा १९४७ साली झाला, तो तात्पुरता म्हणून. त्याने भाडी बांधली ती ढोबळ मानाने १ सप्टेंबर १९४० रोजी जी होती त्यांना. महायुद्धानंतर शहरांकडे लोटलेल्या माणसांना त्या कायद्याने वाचवले, ह्यात शंका नाही. आमचे अकरा कंदील त्याच्याच आधारावर लटकत होते. पण मुदतवाढ मिळता मिळता तात्पुरता कायदा अर्धे शतक चालला. सगळे महाग झाले, भाडे तेवढे जागच्या जागी राहिले. मालकाने कौले परतणे सोडले. पागडी आली. मालकांनी मग भाडेकरू म्हणावयाचे सोडून 'लायसेन्सी' म्हणावयास सुरुवात केली, तर १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसेन्सी राहत होते त्यांनाही भाडेकरू ठरवले. बांधलेली भाडी काळाच्या ओघात अन्याय्य झाली आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले, आणि १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. आता मुदतीचा करार असेल तर मुदत संपताच जागा मालकाकडे येते. करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि तशी जबाबदारी मालकावर आहे. भीती मात्र कायद्यापेक्षा दीर्घायुषी असते. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यांतली सगळी काही भीतीपोटी रिकामी नसतील. पण आमच्या गल्लीतला तो वरचा मजला त्यांत धरला गेला असणार, एवढे मी सांगू शकतो.

कौटिल्याला हे सारे ठाऊक होते असे म्हणावयाचा मोह होतो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरांविषयीचे नियम आहेत. तिथे 'जा' म्हटल्यावरही राहणाऱ्या भाडेकरूला आणि भाडेकरूला हुसकावून लावणाऱ्या मालकाला, दोघांनाही एकच दंड सांगितला आहे, बारा पण. भाडेकरू शिवीगाळ, मारहाण, चोरी असले काही करील तर गोष्ट वेगळी. आणि सामाईक घरात सामाईक वापराच्या जागेची अडवणूक करणाऱ्यालाही बारा पणच. मला ह्यातला दंड महत्त्वाचा वाटत नाही, त्याचे सारखेपण वाटते. भाडे घेतले त्या क्षणी मालक हा नुसता वस्तूचा धनी राहिला नाही, तो एका नात्यात शिरला, असे त्या नियमांत गृहीत आहे. भाजी विकून भाजीवाला मोकळा होतो. खोली भाड्याने देणारा मोकळा होत नाही. तो रोज सकाळी नव्याने देत असतो.

ह्याची समज मला कायद्याने आली नाही, पुराने आली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचा वाडा गेला. वडिलांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हांला आपल्या घरातल्या दोन खोल्या दिल्या. भाडे घेतले नाही. नाव काढले तर रागावत. आम्ही तिथे सहा महिने काढले, आणि त्या सहा महिन्यांत माझी आई एकदाही मोठ्याने हसली नाही. ती माणसे देवमाणसे होती. आई हे मरेपर्यंत सांगे. पण निघालो त्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "आता भाड्याची खोली बघा. मला भिंतीत एक खिळा ठोकायचाय." पुरातून वाचलेली देवाची तसबीर सहा महिने खिडकीच्या कठड्यावर उभी होती. फुकटच्या भिंतीत खिळा ठोकणे तिला जमले नाही.

भाडे ह्या वस्तूकडे मी तेव्हापासून आदराने पाहतो. भाडे माणसाला खिळा ठोकण्याचा अधिकार देते. दान देणाऱ्याची मान उंच होते, घेणाऱ्याची वाकते; भाडे दोन्ही माना सारख्या करते, निदान करावयास हवे. म्हणून 'भाडे घेतो तो हावरट' हे मला पटत नाही. हिचे कुंकू, त्याचा आडनावावरून अंदाज, 'मांसाहार चालणार नाही' ही पाटी, असली चौकशी करून मग पैसेही घेणारा मात्र भाडे घेतो आणि मान देत नाही. आणि कॉटवर राहणाऱ्या मुलाला खिळा ठोकावयास भिंतच नसते. पार्टिशनच्या प्लायवूडमध्ये खिळा ठोकला तर तो पलीकडच्याच्या उशाशी निघतो.

इथे माझ्या पेचाची एक गाठ सुटली. कुलूप लावणाऱ्याला आपण बोल लावीत नाही ह्याचे कारण तो निर्दोष आहे हे नव्हे. त्याच्या दारात फिर्यादी उभा नाही इतकेच. जो त्या खोलीत राहू शकला असता तो कोण, कुठला, त्यालाही माहीत नाही. खोली देणाऱ्याच्या घरात मात्र फिर्यादी नाव-गाव घेऊन जिन्यावर रोज भेटतो. त्याने 'हो' म्हटले म्हणून त्याच्याशी कसेही वागावयास आपण मोकळे होत नाही, कारण ते 'हो' त्याच्या गरजेने म्हटलेले असते आणि गरजेचा फायदा आपल्या पदरात पडलेला असतो.

दुसरी गाठ मात्र मला खालच्या बाईंनी दाखवली. त्या निवृत्त शिक्षिका. बारा वर्षे खाली एकट्या राहतात. मागची पडवी बंद करून खोली काढली तर त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या नव्या खोलीत उघडणार होती. म्हणजे ती बुजवावी लागणार. हे कंत्राटदाराने सांगितले नव्हते, माझ्याही लक्षात आले नव्हते. मी विचारावयास गेलो तेव्हा बाई कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "घर तुमचं आहे. मी काय, ट्यूब लावीन." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाणी कसं पुरेल तेवढं बघा. आताच आठ वाजता नळाची धार बारीक होते."

येणाऱ्या मुलाची संमती आणि माझी संमती एवढ्यावरच मी सारा न्याय तोलत बसलो होतो! पण नव्या खोलीची किंमत त्या दोघांव्यतिरिक्त तिसराच भरतो. जिना तोच, टाकी तीच, ड्रेनेजचा पाइप तोच. कागदावर मी जे भाडे 'निर्माण' करीत होतो त्यातला काही भाग बाईंच्या उजेडातून आणि पाण्यातून कापून घेतलेला होता, आणि त्यांचे भाडे मात्र मी एक रुपयाने कमी धरले नव्हते. तुकडे पाडता पाडता वाड्याच्या मालकांनी हेच केले होते. आमच्या लहानपणी मोरीपाशी होणारी भांडणे बायकांच्या स्वभावाची म्हणून सांगितली जात. ती अकरा बिऱ्हाडांना पुरवलेल्या एका नळाची होती.

मग मोजमापे मी पुन्हा घेतली, ह्या वेळी स्वतः. राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट सांगितले आहेत. हॉलमधून 'निघणाऱ्या' दोन्ही खोल्या प्रत्येकी सात बाय अकरा होत होत्या, आणि त्यांतल्या एकीला खिडकीच नव्हती. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, सरकारने मुंबईत गिरणी कामगारांसाठी बी. डी. डी. चाळी बांधल्या, तिथली खोली १६० चौरस फुटांच्या आसपास होती आणि तिला आपण कोंडवाडा म्हणत आलो. तेव्हा हॉल राहू दिला. पडवी राहू दिली. गॅरेजची तेवढी एक खोली करावयाची, रीतसर परवानगीने, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी काढून, एका मुलासाठी. आणि आधी पाण्याची टाकी वाढवावयाची. कंत्राटदाराला हे काम फारसे रुचलेले नाही. गच्ची मात्र त्याने नीट केली.

ह्यात मी फार चांगले वागलो असे कृपा करून समजू नये. ज्या दिवशी मी हे ठरवले त्याच दिवशी जालन्याकडची दोन मुले जागा विचारीत आली होती. मी त्यांना हॉल दाखवला आणि तिथे खोल्या का करणार नाही हे मोठ्या समाधानाने समजावून सांगितले. त्यांतला थोरला सगळे शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, आम्हांला खिडकी नसली तरी चाललं असतं." ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी माझ्याकडून कोपऱ्यावरच्या बारा कॉटवाल्याचा पत्ता घेतला. तो मीच दिला.

गॅरेजची खिडकी सुताराकडे आहे. तो दिवाळीनंतर देतो म्हणाला आहे. भिंतीला चौकटीएवढे भगदाड पडलेले आहे आणि त्याला तूर्त पोते लावले आहे. बाईंनी आपला कंदील ह्या खेपेला तिथे, त्या पोत्यावर टांगला आहे. वायर पुरली, म्हणाल्या.