यादीत नाव कशासाठी?

एड्स नियंत्रणाच्या सरकारी कागदांमध्ये ‘ब्रिज पॉप्युलेशन’ असा एक शब्द येतो. ब्रिज म्हणजे पूल. ट्रकचालक आणि कामासाठी गाव सोडून आलेले मजूर यांच्यासाठी तो वापरतात. पुलाच्या एका टोकाला ‘अतिजोखमीचा गट’, ज्यात देहविक्री करणाऱ्या बायका येतात, आणि दुसऱ्या टोकाला ‘सर्वसामान्य लोक’. हिंगण्यात राहणाऱ्याला हा नकाशा समजायला वेळ लागत नाही. एमआयडीसीत उभे असलेले ट्रक, एका भाड्याच्या खोलीत राहणारे चार-पाच कामगार, आणि त्यांच्या अलीकडे आपली कॉलनी, शाळा, देऊळ. आपण ‘सर्वसामान्य’. विषाणू आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून त्या टोकाला जाऊन काम करायचं.

जिथे संसर्गाचा धोका जास्त, तिथे आधी पोचायचं, यात शास्त्र म्हणून काही चूक नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. त्या बाईच्या तब्येतीची काळजी आपण तिच्यासाठी घेतो, की आपल्यासाठी? आणि कोणासाठीही घेतली, तरी फरक काय पडतो?

‘काहीच फरक पडत नाही’ हे उत्तर झटकून टाकण्यासारखं नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, 1992 मध्ये सुरू झाली. तिच्या कार्यक्रमात साधारण 60 बायकांमागे एक ‘पिअर’ असते, त्यांच्यातलीच एक. ती निरोध पोचवते, दर तीन महिन्यांनी गुप्तरोगाच्या तपासणीला नेते, दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करून घ्यायला लावते. चाचणी पॉझिटिव्ह आली तर एआरटीची औषधं सरकारकडून मोफत मिळतात. ही सोय 2004 पासून आहे. देशात नवे संसर्ग खूप कमी झाले, त्यात या कामाचा मोठा वाटा मानला जातो. निरोध वाटणाऱ्याच्या मनात काय होतं, याने निरोधाचं काम बदलत नाही. मग हेतूची चिकित्सा कशाला?

कारण हे काम जिथे चांगलं झालं, तिथे प्रश्नच वेगळा विचारला गेला होता. सांगलीत 1992 मध्ये मीना सेषू यांनी ‘संग्राम’ सुरू केली. तिथे निरोध वाटपाचं काम बायकांनी स्वतःच्या हातात घेतलं, आणि 1996 मध्ये त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे ‘व्हॅम्प’. कोलकात्याच्या सोनागाछीतही डॉ. स्मरजित जाना यांनी 1992 मध्येच सुरू केलेलं काम याच वाटेने गेलं. हिशेब साधा आहे. निरोधाशिवाय नाही, असं गिऱ्हाइकाला सांगायचं तर बाईला नाही म्हणता आलं पाहिजे. पोलिस, गुंड आणि घरवाली या तिघांची भीती डोक्यावर असताना नाही कसं म्हणणार? ‘रोग पसरतो कसा’ एवढंच विचारणारा निरोध मोजतो. ‘हिला नाही का म्हणता येत नाही’ हे विचारायला आधी ती बाई महत्त्वाची वाटावी लागते.

दुसरी गोष्ट यादीची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे टेबल ज्या प्रश्नासाठी बनवतात, त्या प्रश्नापुरतेच कॉलम त्यात असतात. एड्स कार्यक्रमाच्या यादीत बाईला एक कोड असतो, जोखीम असते, निरोधाची गरज आणि चाचणीच्या तारखा असतात. भूक हा कॉलम नसतो. कोविडच्या काळात धंदा बंद पडला. त्यातल्या कित्येकींकडे ना रेशनकार्ड, ना पत्त्याचा पुरावा. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना कोरडं रेशन द्या असं सांगितलं. त्यांना ओळखायचं कोणी? नॅकोने आणि विधी सेवा प्राधिकरणांनी. मे 2022 मध्ये नॅकोच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार देण्याचाही आदेश झाला, आणि धंदा ओळखू येईल असा कुठलाही कोड त्या नोंदणीत नको, हेही न्यायालयाने बजावलं.

मला हे आदेश फार चांगले वाटतात, आणि अस्वस्थही करतात. शिधा मागणारी नागरिक म्हणून सरकार तिला ओळखत नव्हतं. संसर्गाची शक्यता म्हणून ओळखत होतं. त्या ओळखीच्या मागच्या दाराने तिला गहू-तांदूळ मिळाला.

या दोन आदेशांच्या मधली एक घटना आमच्या नागपूरची आहे. ऑगस्ट 2021 मध्ये पोलिसांनी जमावबंदीचं कलम 144 लावून गंगाजमुना ही जुनी वस्ती सील केली. तिथे अल्पवयीन मुली आणल्या जातात, गुन्हेगारी वाढली आहे, असं पोलिसांचं म्हणणं होतं. आजूबाजूच्या अनेकांना ही कारवाई हवीच होती. वस्तीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. ज्वाला धोटे त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

अल्पवयीन मुलगी तिथे एकही असू नये, यावर वाद नाही. पण बॅरिकेड वय विचारत नाही. सोनागाछीत बायकांच्याच संघटनेने नव्या मुलीचं वय आणि मर्जी तपासणारी मंडळं चालवली. तोही एक मार्ग आहे. वस्ती बंद झाली की बायका धंदा सोडतात असं नाही, त्या पांगतात. पांगलेल्या साठ जणींना त्यांची पिअर कुठे शोधणार?

हेतूने फरक पडतो तो इथे. काळजी आपल्यासाठी असेल, तर निरोध आणि बॅरिकेड ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरं ठरतात: आपण सुरक्षित कसे राहू? ज्या दिवशी बॅरिकेड सोपं वाटेल, त्या दिवशी निरोध मागे पडतो. काळजी तिच्यासाठी असेल, तर बॅरिकेड हे उत्तरच होऊ शकत नाही.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहे. एचआयव्ही संसर्ग रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे केलेलं काम गुन्हा ठरणार नाही, असं 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं कलम 22 सांगतं. बाईजवळचा निरोध गुन्ह्याचा पुरावा धरू नये, हे 2022 च्या आदेशात आहे. एकीकडे सरकारने वाटायचा आणि दुसरीकडे सरकारनेच झडतीत जप्त करायचा, हे इतकी वर्षं चालत आलं म्हणून ते लिहावं लागलं.

यादी फाडून टाका असं मी म्हणणार नाही. तिने जीव वाचवले आहेत. पण हिंगण्याच्या सरकारी दवाखान्यात त्यातली एखादी बाई ताप आला म्हणून गेली, तर केसपेपरवर फक्त ताप लिहिला जावा. तिचं बीपी तपासलं जावं, लेकराला लस मिळावी, मारहाण झाली असेल तर तक्रार कुठे करायची ते सांगितलं जावं. यातल्या कशानेच माझा धोका कमी होत नाही. तरीही ते व्हावं असं मला वाटतं का, एवढंच मला स्वतःला विचारायचं आहे, आणि तुम्हालाही.