पोर्टेबल म्हणजे कुणी उचलायचं?

जुन्या कॅमेऱ्यांच्या वर्णनात एक शब्द हमखास भेटतो: पोर्टेबल. मराठीत म्हणायचं तर वाहून नेण्याजोगा. या शब्दाची गंमत अशी की त्यात कर्ताच नाही. वाहून नेता येतो हे कळलं, पण नेणार कोण?

माझ्याकडे चार बाय पाच इंच फिल्मचा लाकडी कॅमेरा आहे. घडी केली की जाडजूड डिक्शनरीएवढा होतो, म्हणजे हाही पोर्टेबलच. कॅमेरा दीड किलो. दोन लेन्स मिळून पाऊण किलो. फिल्म होल्डर सहा, ते एक किलोच्या थोडे वर. ट्रायपॉड तीन किलो, कारण हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो. डोक्यावर घ्यायचं काळं कापड, लाइट मीटर, फोकस बघायचं भिंग. दोन लिटर पाणी. आणि हे सगळं मावेल अशी सॅक, तिचं स्वतःचं वजन दोन किलो. बेरीज 11 किलोच्या आसपास जाते. सहा होल्डरमध्ये प्रत्येकी दोन, म्हणजे फोटो निघतात 12. एका फोटोमागे जवळपास एक किलो.

हिंजवडीत फेज टूमध्ये माझं ऑफिस आहे. तिथे ही बेरीज सांगितली की दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले विचारतात, खिशातला दोनशे ग्रॅमचा फोन असताना हे कशाला? दुसरे लगेच भारावतात. म्हणतात, वजनामुळेच माणूस थांबतो, नीट बघतो, म्हणून तो फोटो खरा. मला पहिल्यांचा राग येत नाही. दुसऱ्यांचं मात्र पटत नाही. ओझं वाहिल्याने फोटो चांगला होत असता तर ट्रायपॉडला वीट बांधून आणखी चांगला झाला असता. बघणाऱ्याला फोटोतलं वजन दिसत नाही, तुम्ही तर तो सहा इंचांच्या स्क्रीनवर बघणार. फिल्म मोठी म्हणून बारकावे जास्त येतात, हे खरं. एवढंच खरं. बाकी घामाचा महिमा आहे, आणि तो आपल्याकडे जरा स्वस्तात गायला जातो.

हे वजन आलं कुठून ते बघण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकात फोटो मोठा करायची सोय रुळलेली नव्हती. काचेची निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून उन्हात प्रिंट काढायचे, त्यामुळे जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर काच मोठी, कॅमेरा मोठा. त्यात 1851 साली आलेली वेट प्लेटची पद्धत. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत डेव्हलप करायचा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे जिथे फोटो तिथे डार्करूम. तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या, सगळं डोंगरावर.

सॅम्युअल बोर्न 1863 साली सिमल्याहून हिमालयात गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. 1866 साली तो 18,600 फुटांवरच्या मणिरंग खिंडीत पोचला आणि तिथेही फोटो काढले. इतक्या उंचीवरचा फोटो पुढची कित्येक वर्षं कुणी काढला नाही. बोर्नने या प्रवासांवर इंग्लंडमधल्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. पळून गेलेल्या हमालांना शोधायला आपण हातात काठी घेऊन निघालो, हे तो त्यात अगदी सहज सांगून जातो. फोटो आजही सुंदर वाटतात. बोर्नचं नाव त्यांच्याखाली आहे. काचा ज्यांच्या पाठीवर होत्या त्यांची नावं नाहीत.

हे फक्त गोऱ्या साहेबाचं म्हणून सोडून देता येत नाही. मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि तिच्यात भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही होते. जुन्या देवळांचे, लेण्यांचे त्या काळातले फोटो बघा. खांबाशेजारी बऱ्याचदा एखादा माणूस उभा असतो, खांब केवढा आहे ते कळावं म्हणून. बिननावाचा, मोजपट्टीसारखा.

मध्यंतरी माणच्या बाजूला उठणाऱ्या एका टॉवरचा फोटो घेत होतो. ऊन उतरलं होतं, छिद्र बारीक ठेवलं होतं, एक्स्पोजर दोन मिनिटांचं. समोरच्या फळीवरून बायका घमेली घेऊन सारख्या ये-जा करत होत्या. निगेटिव्ह धुतली तर टॉवर, क्रेन, सळया, बांबूची परांची, सगळं सुईच्या टोकासारखं स्पष्ट. बायका एकही नाही. यात चमत्कार काही नाही. इतक्या वेळात जे हलतं ते फिल्मवर ठरत नाही. दागेरने 1838 साली पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हाही रहदारी अशीच पुसली गेली. उरला एक माणूस, तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबला होता म्हणून, आणि त्याच्यापाशी वाकलेला पॉलिशवाला. पण त्या निगेटिव्हकडे बघताना मला प्रश्न पडला. 11 किलो मी वाहिले, आणि ज्या दिवसभर त्याहून जास्त वाहत होत्या त्या माझ्याच फोटोतून गेल्या. दोन्ही ओझ्यांना एकच शब्द कसा लावायचा?

डोक्यावर वजन घेणं वाईटच असतं असंही नाही. देहूची पालखी दरवर्षी आकुर्डीला मुक्कामाला येते. तिच्यात बायका तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन पंढरपूरपर्यंत चालतात. ते ओझं कुणी लादलेलं नाही. घमेलं आणि वृंदावन एकाच डोक्यावर असू शकतं, कदाचित एकाच बाईच्या. फरक किलोत मोजता येत नाही. खाली ठेवता येतं का, आणि ठेवलं तर संध्याकाळी चूल पेटते का, यात तो आहे. माझी सॅक मी कधीही ठेवू शकतो. माझं ओझं मला आवडतं ते नेमकं यामुळेच, असा माझा दाट संशय आहे.

लादलेल्या ओझ्याला आवडीचा उपाय चालत नाही, तिथे नियम लागतो. पुण्यात 1955 साली बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच एका माणसाने 55 किलोपेक्षा जास्त उचलू नये अशी शिफारस केली होती. तरी शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून आपल्या हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. पाठ कुणाची आणि वजन किती, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आम्ही फोटोवाले दुसराच विचारत बसतो. कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला तर किती ग्रॅम वाचतील, यावर आम्ही रात्री घालवू शकतो.

मग मी ठरवलं की माझं ओझं माझ्याच पाठीवर. साधा, स्वच्छ नियम वाटला. तो तिकोन्याच्या वाटेवर एका मावशींनी उलटा करून दाखवला. त्या ताक विकायला रोज गड चढतात, डोक्यावर कळशी, हातात पिशवी. सॅककडे बघून म्हणाल्या, "दादा, एवढं काय भरलंय?"

"कॅमेरा आहे, मावशी."

"फोटो किती निघत्यात?"

"बारा."

त्या पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "माझा भाचा घेईल की वरपर्यंत. तीनशे द्या त्याला."

मी म्हटलं, माझं मीच वाहायचं असं ठरवलंय. मावशींनी कळशी सरळ केली. "तुमचं पुण्य तुमच्यापाशी राहतंय. पोराला काय मिळणार?"

यावर मला आजही पुरं उत्तर सापडलेलं नाही. त्याच्या पाठीवर माझा छंद टाकणं खटकतं. त्याची रविवारची कमाई माझ्या तत्त्वापायी बुडवणं, तेही खटकतं. त्या दिवशी भाच्याने ट्रायपॉड आणि पाणी घेतलं, बाकी मी. वर पवनेच्या पाण्यावर ढग होते, ते हलायची वाट बघत आम्ही तासभर बसलो. त्याला काळ्या कापडाखाली घेतलं. काचेवर धरण उलटं दिसतं ते बघून तो बराच वेळ बाहेर आला नाही.

प्रत्येक निगेटिव्हची मी वहीत नोंद ठेवतो: तारीख, जागा, छिद्र, सेकंद. आता शेजारी आणखी एक रकाना आखलाय, कुणी वाहिलं त्याचा. त्याने आपलं नाव स्वतःच लिहिलं. खाली उतरल्यावर मी तीनशे पुढे केले तर तो म्हणाला, "हे वजनाचे झाले. तासभर थांबवलंत त्याचे वेगळे."

किती, म्हणून विचारलं. त्याचा दर त्यालाही ठाऊक नव्हता. मावशी खाली येईपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसून तेच ठरवत होतो.