जन्माला घालणाऱ्याचे उत्तरदायित्व



गेल्या पावसाळ्यात जबलपूरच्या नेपियर टाऊनमधील आमच्या घरी ओळखीचा एक तरुण आला. त्याच्यापाशी लॅब्रॅडॉर जातीची दोन वर्षांची कुत्री आहे. तिच्या पिल्लांना चांगली किंमत येईल, असे त्याला मित्रांनी सांगितले होते. त्याने विचारले, "काका, पिल्ले काढून विकण्यात काही पाप आहे का?" प्रश्न साधा होता, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

प्रथम कायद्याचे पाहू. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याखाली श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम २०१७ साली निघाले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, मादी किमान १८ महिन्यांची व पशुवैद्याने निरोगी ठरविलेली असली पाहिजे, आणि ८ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी पिल्लू विकता कामा नये, असे त्यांत सांगितले आहे. आमच्या शहरात पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासून आहे. तेव्हा अज्ञानाची सबब येथे तरी चालणारी नाही. परंतु कायदा फक्त किमान मर्यादा आखून देतो. पाहणारा कोणी नसताना आपण कसे वागतो, हा प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे.

माझे काम शब्दांचे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला प्राण्यांवर जी सत्ता दिलेली आहे, तिच्यासाठी मूळ इब्री भाषेत 'रादा' हे क्रियापद आले आहे. ते राजाच्या राज्य करण्याचे क्रियापद आहे. पुष्कळांना त्यात मनास येईल तसे वागण्याची मोकळीक दिसते. पण हेच क्रियापद यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायात पुन्हा येते, आणि तेथे ते मेंढपाळांवरील आरोपपत्रात येते. त्यांनी कठोरपणे सत्ता गाजविली. दुर्बळाला बळ दिले नाही, रोग्याला बरे केले नाही, जखमीला पट्टी बांधली नाही, हरवलेल्याचा शोध घेतला नाही. म्हणजे सत्ता कशी चालवू नये याची यादीच तेथे दिलेली आहे. ती यादी मी त्या तरुणापुढे ठेवली.

दुर्बळ आणि रोगी यांचा विचार पिल्लू जन्मण्यापूर्वीच सुरू होतो. लॅब्रॅडॉर व जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार आढळतो. कुत्री वरून धडधाकट दिसते आणि दोष पिल्लांत उतरतो. ती दोन वर्षांची झाल्यावर क्ष-किरण चित्र काढून घेतले, तर पुष्कळसे कळते. हा खर्च टाळणारा मनुष्य पैसे वाचवीत नाही. तो ते दुःख दुसऱ्याच्या घरी धाडतो. याकोबाने लाबानाचे कळप राखताना सशक्त जनावरांची पैदास आपल्याकडे वळविली आणि अशक्त लाबानाच्या वाट्याला ठेवली, ही कथा आपण कौतुकाने वाचतो. पैदाशीच्या धंद्यात ती चतुराई आजही चालते, आणि तिची किंमत मुके जनावर मोजते.

काही वेळा तर दोषच शोभा म्हणून विकला जातो. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग कुत्रा दिसला आणि देशभर त्या जातीची मागणी वाढली. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. ज्याचे नाक पिढ्यान्‌पिढ्या निवड करून चपटे केले गेले, त्याला श्वास घेणेच कष्टाचे होते. मग मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या जबलपुरात त्याने काय करावे? आपल्याला गोंडस वाटणारा तो चेहरा त्याच्यासाठी ओझे आहे. याउलट मराठवाडा व सोलापूरकडचा कारवानी, किंवा घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानातील मुधोळ शिकारी कुत्रा, हे आपल्या उन्हात आणि आपल्या माळरानावर घडलेले प्राणी आहेत. डाक खात्याने २००५ साली भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळही होता. अशा जातींची निगुतीने जोपासना करणारा मनुष्य एक वारसा सांभाळीत असतो, हेही मान्य केले पाहिजे.

येथे एक गंभीर आक्षेप येतो. रस्त्यारस्त्यावर बेवारशी कुत्री फिरत असताना, आणि त्यांच्या निर्बीजीकरणावर सार्वजनिक पैसा खर्च होत असताना, आणखी पिल्ले जन्माला घालावीतच कशाला? या आक्षेपाला पूर्ण उत्तर आहे असे मला वाटत नाही. एवढेच म्हणता येईल की, जो पैदास करतो त्याने आपले एकही पिल्लू त्या गर्दीत पडणार नाही याची हमी घेतली पाहिजे. ज्याला ती घेता येत नाही, त्याने पैदास करू नये. मला तरी मधली वाट दिसत नाही.

आता माझ्या मौनाचे कारण. १९९७ साली आमच्याकडे एक पॉमेरेनियन कुत्री होती. तिला पाच पिल्ले झाली. घर दोन खोल्यांचे. पाचव्या आठवड्यातच दोन विकली, तीन ओळखीत देऊन टाकली. कोणाला काही विचारले नाही. पुढल्या मे महिन्यात एका घरी प्रार्थनेसाठी गेलो असता गच्चीवर पत्र्याच्या कडेला साखळीने बांधलेले एक कुत्रे दिसले. डाव्या कानावरच्या तपकिरी डागावरून मी ते ओळखले. पाण्याचे भांडे कोरडे होते. मी भांडे भरले, जिना उतरलो आणि यजमानांना काही बोललो नाही. वाईट दिसले असते. महिन्याभराने ते मेल्याचे कळले. त्याला परत आणले असते, तर घरात एक भाकरी अधिक लागली असती, इतकेच. यहेज्केलाच्या यादीतील शेवटचा आरोप, हरवलेल्याचा शोध न घेण्याचा, तेव्हापासून मी स्वतःपुरता वाचतो.

म्हणून त्या तरुणाला सांगितले: विकण्यात पाप नाही, विकून मोकळे होण्यात आहे. कुत्रीची तपासणी करून घे. जवळच्या रक्ताच्या नराशी तिचा संयोग करू नकोस. पिल्लांना ८ आठवडे आईजवळ राहू दे. लस टोचून, जंतांचे औषध देऊन मगच दे. घेणाऱ्याचे घर पाहा, आणि नको वाटल्यास नकार दे. शेवटी प्रत्येकाला लिहून दे की, केव्हाही सांभाळणे अशक्य झाले, तर हे पिल्लू माझ्या दारी परत आणावे. ही शेवटची ओळ लिहिताना हात अडखळला, तर कुत्रीचे निर्बीजीकरण करून घे आणि तिच्या सहवासात आनंद मान.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेक जण पैदास करणारे नाहीत, घेणारे आहेत. तेव्हा पिल्लू घेताना त्याची आई पाहण्याचा आग्रह धरा. विकणारा ती दाखवीत नसेल, तर परत फिरा. नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायात नीतिमान माणूस आणि त्याचे जनावर यांच्या नात्यासाठी जे इब्री क्रियापद योजिले आहे, त्याचा सरळ अर्थ 'जाणणे' असा आहे. नुसती दया दुरूनही करता येते. जाणण्यासाठी गच्चीवर जावे लागते, भांड्यात पाणी आहे की नाही ते पाहावे लागते, आणि वाईट दिसले तरी बोलावे लागते.

तो तरुण अद्याप निर्णयाप्रत आलेला नाही. कुत्रीच्या खुब्याचे चित्र मात्र त्याने काढून घेतले आहे.